गावच्या जुन्या बँडची वाद्यं पुन्हा वाजवायची आहेत: पट्टी, दुरुस्ती आणि एक कॅसेट

पश्चिमभाग_गावकरी

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात. येत्या वैशाखात गावची लक्ष्मी यात्रा आहे. देवीच्या मिरवणुकीला यंदा डॉल्बी नको, गावचाच जुना बँड उभा करूया असं पंचमंडळींनी ठरवलंय. बँड १९८५ च्या आसपास बंद पडला. वाद्यं मात्र मंडळाच्या माळ्यावर पोत्यात बांधलेली निघाली: क्लॅरनेट दोन (एक लाकडी, एक काळ्या एबोनाइटचं), ट्रंपेट तीन, युफोनियम (खालच्या सुराचं मोठं पितळी वाद्य) दोन, अंगाभोवती घालायचा मोठा बास एक, दोरीचा साइड ड्रम, मोठा ढोल, झांजेची जोडी. शिवाय भजनी मंडळाची हातपेटी आहेच. एक कॅसेटही सापडली, कुठल्याशा वरातीत भरलेली. वर शाईनं '८३' लिहिलंय.

जुन्या वाजवणाऱ्यांपैकी दोघं आहेत, पण दात गेल्यामुळे फुंकणारा एकच. बाकी सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले दोघे आणि हायस्कूलची पोरं.

विचारायचं ते असं. फुंकायची वाद्यं पेटीशी जुळतच नाहीत, सगळंच चढं लागतंय. दोष वाद्याचा की वाजवणाऱ्याचा? साफ काय करावं आणि कशाला हात लावू नये? पूर्वी बँडची मांडणी कशी असायची? आणि ती कॅसेट लावून बघावी का?

काळी_पाच

कॅसेट आत्ता लावू नका. त्यातले जाणकार इथं आहेत, ते सांगतील. मी पितळेचं आणि क्लॅरनेटचं बोलतो.

दोष पोरांचा नसावा. बहुतेक ती 'हाय पिच'ची वाद्यं आहेत. ब्रिटिश लष्करी बँड १९२८-२९ पर्यंत पांढरी सहा (इंग्रजी 'ए') ४५२.५ हर्ट्झला लावत, नंतर खाली आले. विलायतेतले नागरी ब्रास बँड १९६० च्या दशकापर्यंत त्याच चढ्या पट्टीवर राहिले, म्हणून कारखाने तोवर दोन्ही तऱ्हेची वाद्यं काढत होते. आज सगळीकडे ४४०. फरक ४८ सेंटचा; शेजारच्या दोन पट्ट्यांत शंभर सेंट धरतात, म्हणजे जवळपास मधोमध. पेटीवर कुठलीही पट्टी धरा, जुळायचंच नाही. बेळगावसारख्या छावणीच्या गावाभोवती अशी वाद्यं निघाली तर नवल नाही. मेरठच्या जली कोठीतला (बँडची वाद्यं घडवणारा तिथला मोहल्ला) मालसुद्धा जुन्या विलायती नमुन्यांवरूनच घडवायचे, तेव्हा शिक्का कुणाचाही असो, मोजल्याशिवाय काही बोलता येत नाही.

मोजायचं असं. वाद्य पाच मिनिटं फुंकून गरम करा, थंड वाद्य उतरं बोलतं. मुख्य स्लाइड (सूर जुळवायला ओढायची नळी) एक सेंटिमीटर बाहेर ठेवा. ट्रंपेटची एकही खटकी न दाबता सहज येणारा सगळ्यात खालचा मोकळा सूर काढा. तो काळी पाच यायला हवा. मोबाइलच्या ट्यूनरमध्ये २३३ हर्ट्झ आला तर आजची पट्टी, २४० च्या जवळ आला तर हाय पिच. युफोनियमचा तसाच मोकळा सूर एक सप्तक खाली, ११६.५ किंवा १२०. क्लॅरनेटच्या नळीवर बहुधा 'एच.पी.' (हाय पिच) किंवा 'एल.पी.' (लो पिच, म्हणजे उतरी पट्टी) कोरलेलं असतं, नळी फिरवून भिंगातून बघा. नसेल तर मोजपट्टी लावा: आजचं काळी पाचचं क्लॅरनेट मुखपट्टीसकट साधारण ६६ सेंटिमीटर भरतं, हाय पिचचं पावणेदोन-दोन सेंटिमीटर आखूड.

आता साफसफाई.

युफोनियम-ट्रंपेटच्या व्हॉल्व्हवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. एक काढा, पुसा, परत त्याच घरात घाला, मगच दुसरा काढा. अदलाबदल झाली की भोकं जुळत नाहीत आणि फुंक आत जाऊन अडते. वाद्य मेलं असं वाटतं. अडकलेल्या व्हॉल्व्हला शिलाई मशीनचं पातळ तेल वरून-खालून दोन-दोन थेंब सोडा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी खालचं टोपण काढून लाकडी दांड्यानं हलके टकटक करा. पक्कड लावायची नाही. मुखपट्टी अडकली असेल तिथं तर नाहीच नाही, पुढची पातळ नळी पिळवटते. त्यासाठी पुलर नावाचं साधं ओढायचं यंत्र मिळतं, मोठ्या बँडवाल्यांकडे असतं.

धुणं कोमट पाण्यात साबण घालून, उकळत्या पाण्यात नाही. चिंच, लिंबू, ब्रासो बाहेरून चालेल, पण पिस्टनला (व्हॉल्व्हच्या आत खाली-वर होणाऱ्या भागाला) ब्रासो लागता कामा नये. त्यात घासणारी भुकटी असते; पिस्टन झिजला की कायमचा ढिला. नळीवर लालसर-गुलाबी ठिपके दिसले तर तिथं घासू नका. पितळेतलं जस्त निघून गेलंय, आतून नळी कागदासारखी झालेली असते.

दम टिकतोय का ते बघायला दुसऱ्या व्हॉल्व्हची छोटी स्लाइड खटकी न दाबता ओढा. 'टप्प' असा आवाज आला तर हवाबंद आहे. नुसती सरकली तर गळती. पाणी सोडायच्या चावीखालचं बूच बघा, चाळीस वर्षांत त्याचा भुगा झालेला असतो. खर्जातले सूर न लागण्याचं निम्म्या वेळा तेवढंच कारण असतं. बाटलीच्या बुचाचा तुकडा कापून बसवला तरी काम होतं.

लाकडी क्लॅरनेट पाण्यात बुडवू नका, उन्हातही ठेवू नका. चाव्या उतरवून आतून-बाहेरून बदामाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा, एक दिवस थांबा, पुसून घ्या. पहिला आठवडा रोज दहा-पंधरा मिनिटांवर वाजवायचं नाही. वाळलेल्या लाकडात एकदम ओली गरम हवा गेली की वरच्या तुकड्याला भेग पडते. चाव्यांखालचे पॅड सगळे बदलावेच लागतील. सांध्याचं बूच गेलं असेल तर मेण लावलेला सुती दोरा गुंडाळा, यात्रा निघून जाईल. रीड (मुखपट्टीवर बांधायची पत्ती) दोन किंवा अडीच नंबरचा. तीनचा घेऊन पोरांचे ओठ फोडू नका.

अजून एक. तुमची क्लॅरनेटं बहुधा १३ चाव्यांची, जुन्या साध्या पद्धतीची असणार. सैन्यातले दोघे १७ चाव्यांच्या बोएम पद्धतीवर शिकलेले असतील तर बोटं वेगळी पडतात. त्यांना आधी महिनाभर हे क्लॅरनेट द्या, नाहीतर मिरवणुकीत मध्यमाला अडखळतील.

सनई_सूर

वरच्यांनी वाद्यांचं भारी सांगितलंय. मांडणीचं मी सांगतो.

आपल्याकडच्या लग्नाच्या बँडात साधारण तेरा ते पंधरा माणसं: क्लॅरनेट दोन-तीन, ट्रंपेट तीन-चार, युफोनियम दोन, बास एक, साइड ड्रम एक-दोन, मोठा ढोल, झांज, खुळखुळा. लष्करी बँडसारखे वेगवेगळे सूर एकावर एक रचणं इथं नव्हतं. सगळे तीच चाल वाजवायचे, युफोनियम एक सप्तक खालून. मग नुसता गोंगाट का होत नसे? कारण वाटणी ठरलेली असे. बँडमास्तर क्लॅरनेटवर अंतरा एकटा घेणार, तेवढा वेळ ढोल हलका, ट्रंपेट गप्प. मुखडा आला की ट्रंपेट सगळे एकदम. अंतऱ्याच्या ओळीनंतरची रिकामी जागा युफोनियमनं भरायची. कागदावर नोटेशन नाही, सगळं सरगम तोंडपाठ. तुमच्या फुंकणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांकडून आधी हीच वाटणी काढून घ्या. चाल कुणीही मोबाइलवर ऐकून बसवेल, कुणी कुठं गप्प बसायचं ते मोबाइलवर मिळत नाही.

मुक्काम-मुक्कामावरच्या चाली वेगळ्या. चालताना मार्चच्या ठेक्याचं, देवळापुढं थांबलं की संथ भक्तिगीत किंवा अभंग, गदगेजवळ (यात्रेत देवी बसवतात त्या जागेजवळ) देवी बसताना फक्त ढोल-झांज. सगळा वेळ एकाच लयीत वाजवलं तर वाजवणाऱ्यांचे ओठ दीड तासात संपतात. ट्रंपेटवाल्याला दर तीन चालींमागे एक चाल सुटी पाहिजे. त्या मधल्या वेळातच पूर्वी हलगीवाले किंवा सनईवाले वाजवायचे. तो मानपानाचा भाग होताच, पण बँडच्या ओठांची सोयही त्यातच होती.

त्यामुळे सनईच्या पट्टीची चिंता नको. सनईची पट्टी लाकडातच ठरलेली असते, पत्ती खाली-वर सरकवून थोडीशीच हलते. सनई आणि बँड एका वेळी वाजवायचेच नाहीत, आळीपाळीनं. सनईवाल्याचा सूर धरणारा जोडीदार मात्र पाहिजे, एकटी सनई उघडी पडते.

हलगी, घुमकं, कैताळ हे वाद्यांचं त्रिकूट कोल्हापूर-निपाणीपासून इकडे सगळीकडे. हलगीला कातडं असेल तर शेकोटी लागते: पाचट किंवा वाळकं गवत पेटवून हातभर अंतरावरून फिरवायची, 'टण्' असा कोरडा आवाज आला की बस. जवळ धरली की कातडं कडेला जळून आकसतं आणि पुढच्या तासाला फाटतं. आता फायबर आलंय, त्याला शेक लागत नाही, पण आवाज टोचतो आणि घुमक्याशी मिळून येत नाही. तुमच्याकडे हायस्कूलची पोरं आहेत, फायबरच बरं पडेल, असं माझं मत. चिकोडी-रायबागकडच्या कन्नड गावांतून करडी मजल (तिकडचा वाजवणाऱ्यांचा ताफा) आणायचा विचार असेल तर तेही आळीपाळीतच बसवा. करडीचा ढोल आणि बँडचा ढोल एकत्र आला तर दोन्ही जातात.

चालताना रांग फार लांबवू नका. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ढोल शेवटी आणि मास्तर पंधरा मीटर पुढं असला तर ठोका पोचायलाच सेकंदाचा बाविसावा भाग जातो. पुढचे मागं ओढले जातात, मागचे चिडून जोरात वाजवतात आणि लय पळते. ढोल-साइड ड्रम रांगेच्या मध्ये घ्या, बास सगळ्यात मागं.

दोरीच्या ड्रमचं: दोऱ्यांवरची कातडी बक्कलं खाली ओढली की पान ताणतं. दोन्ही बाजूंनी समोरासमोरची बक्कलं थोडी थोडी ओढत जा, एकाच बाजूनं पूर्ण ओढलं तर कडं तिरकं होतं. खालच्या पानावरच्या ताती तुटल्या असतील तर साइड ड्रम नुसता डबा वाजतो. ताती आधी बघा, पान बदलायची घाई करू नका.

पश्चिमभाग_गावकरी

सगळ्यांचे आभार. मोजलं. तिन्ही ट्रंपेट २३९ ते २४० दाखवतात. लाकडी क्लॅरनेटवर 'एच.पी.' आहेच, एबोनाइटचंही तेवढंच आखूड भरलं. युफोनियम एक ११९.८, दुसऱ्याचा तिसरा व्हॉल्व्ह सुटत नाही म्हणून सोडलाय. म्हणजे आता सगळ्यांच्या स्लाइड बाहेर काढून ४४० ला आणायचं का? मिरवणुकीनंतर रात्री गदगेसमोर भजनी मंडळाबरोबर एक तास बसून वाजवायचा बेत आहे. तिथं पेटी लागणार.

काळी_पाच

हिशेब मांडतो, मग तुम्हीच बघा की.

४८ सेंट उतरवायचे म्हणजे नळीची लांबी पावणेतीन टक्क्यांनी वाढवायची. ट्रंपेटची नळी साधारण १४० सेंटिमीटर, म्हणजे चार सेंटिमीटर; स्लाइडला दोन पाय असतात, तेव्हा प्रत्येकी दोन सेंटिमीटर जास्त ओढायची. जमण्यासारखं आहे. युफोनियमची नळी पावणेतीन मीटर, तिथं साडेसात सेंटिमीटर, म्हणजे प्रत्येक पाय पावणेचार सेंटिमीटर. बऱ्याच जुन्या युफोनियमची स्लाइड एवढी ओढली की हातात येते. शिवाय मुख्य स्लाइड ओढून भागत नाही, व्हॉल्व्हच्या स्लाइडही त्याच प्रमाणात ओढाव्या लागतात: युफोनियमवर पहिली पाच मिलिमीटर, दुसरी दोन, तिसरी सात. नाहीतर मोकळा सूर बरोबर आणि खटकी दाबली की चढा, असं होत राहतं.

आणि क्लॅरनेटचं तर होतच नाही. बॅरल (मुखपट्टीखालचा आखूड तुकडा) दोन मिलिमीटरपलीकडं ओढलं की बोटं मोकळी ठेवून वाजणारे वरचे सूर जास्त उतरतात आणि खालचे जागेवर राहतात. वाद्य आतल्या आतच बेसूर होतं. तेव्हा ४४० वर यायचं तर क्लॅरनेटं नवी घ्यावी लागतील. नवी-जुनी मिसळायची नाहीत, ते सगळ्यात वाईट.

पायपेटी

ओ, कशाला एवढा खटाटोप? बँड ४५२ वर आपापसात जुळतोय ना? मग त्याला तिथंच राहू द्या. फुंकायची आठ वाद्यं एका पेटीसाठी वाकवायची हे उलटं झालं. मिरवणुकीत पेटी नाहीच. प्रश्न फक्त रात्रीच्या त्या एका तासाचा.

तिथं पेटीच्या जागी साधा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड ठेवा. बहुतेक कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मास्टर ट्यूनिंग असतं, बरेचसे ४१५ ते ४६६ पर्यंत जातात. ४५२.५ ला लावा आणि आवाज हार्मोनियमचा निवडा. ट्रान्सपोज वापरू नका, ते पूर्ण पट्टी हलवतं, अर्धी नाही. तुमची मोकळी पट्टी काळी पाच, तेव्हा बँडबरोबरची भजनं काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चारमध्ये बसवा. त्या पट्ट्यांत क्लॅरनेट आणि युफोनियमला चाव्या-खटक्यांची कसरत कमी पडते. गाणाऱ्या बायकांना काळी पाच चढी जाते, पुरुषांना खालच्या सप्तकात फार खाली. पांढरी चार सगळ्यांना सोसते.

भजनी पेटीला कुणी 'सूर चढवून देतो' म्हणाला तर देऊ नका. पितळी स्वराच्या जिभेचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. दोन-चार सेंटसाठी ते ठीक. ४८ सेंट चढवायला टोक इतकं घासावं लागेल की जीभ हलकी पडून आवाज पातळ होतो आणि भाता जोरात मारला की ती फडफडते. परत उतरवायला मुळाशी घासणार, मग तिथून तुटणार. जुने जर्मन किंवा पॅरिसचे स्वर असतील तर ते पुन्हा मिळायचे नाहीत. पेटी नुसती साफ करा: वरची फळी काढून पट्ट्यांखालची धूळ मऊ ब्रशनं झाडा, मुका झालेला स्वर पातळ कागद जिभेखालून एकदाच ओढून मोकळा होतो. एखादा सूर आपोआप वाजत राहत असेल तर स्वराचा दोष नसतो. पट्टीखालची कातडी उंदरानं किंवा कसरीनं खाल्लेली असते, नाहीतर स्प्रिंग सरकलेली असते. भात्याच्या घडीत चिरा असतील तर मऊ कातड्याची पट्टी सरसानं लावा. प्लॅस्टिकची टेप नको, घडीवर ती महिन्याभरात सुटते आणि चिकटा मागं ठेवते.

बेळगावात पेटी म्हटलं की रामभाऊ विजापुरे यांचं नाव निघणारच. जन्म १९१७ चा, कागवाडचा. हयात बेळगावात शिकवण्यात आणि साथीत गेली, २०१० ला गेले. गावच्या वाजवणाऱ्यांची माहिती गोळा करताना एक ध्यानात ठेवा: आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला बंदी घातलेली होती. धारवाड केंद्र १९५० ला सुरू झालं, म्हणजे त्याची पहिली वीसेक वर्षं बंदीतच गेली. त्या काळातल्या पेटीवाल्याचं रेडिओवरचं ध्वनिमुद्रण शोधत बसू नका. त्यांचा माग नाटकांच्या जाहिराती, गणेशोत्सव मंडळांची हिशेबाची वही आणि भजनी मंडळांच्या पावत्या यांत लागतो. वहीत 'सुपारी' आणि 'बक्षिसी' वेगळी लिहिलेली असते, त्यातून बँडात माणसं किती होती तेही कळतं.

फेरिक_टेप

कॅसेटचं उत्तर बाकी राहिलंय.

आधी बाहेरून बघा. खिडकीतून टेपच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर पुढं काहीच करू नका, ती साफ करणाऱ्याकडेच द्या. बुरशी नसेल तर टेपच्या मध्यावर खालच्या बाजूला तांब्याच्या पट्टीवर बसवलेला नमद्याचा छोटा तुकडा असतो तो बघा. चाळीस वर्षांत गोंद सुकून तो पडतो. मग टेप हेडला (यंत्रातल्या आवाज वाचणाऱ्या भागाला) टेकत नाही आणि आवाज घोगरा, येतो-जातो. असं असेल तर टेप नव्या, पाच स्क्रूच्या डबीत बदलून घ्यायची. जुनी डबी चिकटवलेली असेल तर सांध्यावर पातळ पातं चालवून उघडावी लागते. हात सुती मोज्यात, टेपची चकचकीत बाजू कुठली ते आधी लिहून ठेवायचं.

वाजवण्याआधी पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं गुंडाळून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात. सुटेनाच तर जोर लावू नका. साठ मिनिटांची कॅसेट असेल तर बरं, नव्वदच्या कॅसेटची टेप पातळ, लगेच ताणते. डेक (कॅसेट वाजवायचं यंत्र) असा घ्या की त्याचे रबर बेल्ट नवे आहेत. घरातला जुना टू-इन-वन नको, टेप खातो. हेड आणि रबरी रोलर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. डॉल्बी बटण बंद. इथं डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतल्या भिंती नव्हेत, डेकवरचं बटण.

मग हेडशेजारचा छोटा स्क्रू. कॅसेट भरणाऱ्या यंत्राचं हेड थोडं तिरकं असेल तर झांज आणि क्लॅरनेटचा वरचा आवाज दबतो. टेप चालू ठेवून तो स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत झांज सगळ्यात स्वच्छ कुठं येते ते शोधा. मूळ जागेवर खूण करून मगच हात लावा. पहिल्या खेपेलाच संगणकात घ्या, लाइन-इनमधून, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. आवाजाची पातळी सर्वात मोठ्या ठोक्याला उणे सहा डेसिबलवर. ढोलाचे ठोके अचानक येतात, वरच्या टोकाला ठेवलं तर फाटतात आणि ते नंतर दुरुस्त होत नाही. एमपी-थ्री नंतर हव्या तेवढ्या काढा.

आता काळी_पाच यांच्या विषयाशी जोडलेली गोष्ट. कॅसेट ऐकून 'आपला बँड हाय पिचवर होता' असं ठरवू नका. कॅसेटचा वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर, स्वस्त रेकॉर्डर, तेही उतरलेल्या सेलवर, तीन टक्के सहज चुकतो. तीन टक्के म्हणजे ५१ सेंट, म्हणजे बरोबर तेवढाच फरक जो हाय आणि लो पिचमध्ये आहे! रेकॉर्डरचे सेल उतरलेले असले तर आज वाजवताना सगळं चढं ऐकू येतं. उलट करा: वाद्यं तर तुमच्याकडे आहेत आणि मोजलेली आहेत. कॅसेटमधल्या युफोनियमचा मोकळा सूर ११९.८ ला आणून ठेवा, वेग आपोआप बरोबर लागेल. मागं विजेची घरघर ऐकू आली तर ती ५० किंवा १०० हर्ट्झला आणून पडताळा घेतात, पण दक्षिणेकडच्या विजेची वारंवारिता तेव्हा बरीच खाली यायची, नुसत्या त्यावर विसंबू नका.

फाइल तयार झाली की त्या दोन जुन्या माणसांना हेडफोन लावून ऐकवा आणि मिनिट-सेकंदासकट लिहून घ्या: कुठली चाल, अंतरा कोण घेतोय, ट्रंपेट कुठं सोडलाय. सनई_सूर म्हणतात ती वाटणी त्यातच सापडेल.

इको_मशीन

थोडं विषयांतर. गावोगावचे बँड गेले ते डॉल्बीनं गेले असं सगळे म्हणतात. त्याच्या आधीच ते आतून बदलले होते की. पहिल्यांदा हातगाडीवर अँप्लिफायर आणि कर्णा आला आणि क्लॅरनेटच्या तोंडाशी माइक. त्यामुळे तीन क्लॅरनेटांची गरज संपली, एकच पुरे. मग ऑर्केस्ट्रावाल्यांची वाद्यं गाडीवर चढली: ऑर्गन, इको मशीन (टेपच्या वेढ्यावर चालणारं रोलंडचं स्पेस इको १९७४ चं), मग १९८५ नंतर ऑक्टोपॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक तालवाद्य). एक ऑक्टोपॅडवाला बोंगो, कोंगो, खुळखुळा, साइड ड्रम या चौघांचं काम करतो. पंधराचे आठ झाले. दुसरीकडं बेंजो पार्टी. बेंजो म्हणजे जपानी तैशोगोतोचा वंश, ते १९१२ ला नागोयात निघालं. आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप बसवला आणि तारा वाढवल्या. त्याला फुंक लागत नाही, ओठ दमत नाहीत, गणपती विसर्जनाला रात्रभर चालतं. बँडला हे परवडणारं नव्हतं.

सांगायचा मुद्दा हा की तुम्ही कुठल्या काळचा बँड उभा करताय ते आधी ठरवा. १९६० चा असेल तर एकही माइक नको, गल्लीच्या भिंतीच आवाज परत देतात. ८३ चा असेल तर हातगाडी आणि कर्णाही पाहिजे. कीबोर्ड घेणार म्हणताय तर तो रात्रीच्या बैठकीपुरता ठेवा, मिरवणुकीत आणला की पोरं फुंकायचं सोडून देतात.

पश्चिमभाग_गावकरी

ठरलं. वाद्यं ४५२ वर, कीबोर्ड रात्रीपुरता, मिरवणुकीत माइक नाही. शेवटचा प्रश्न. होन्नाटाला (देवीला नाचवत नेतात तेव्हा) भंडारा प्रचंड उधळतात, माणसं पिवळी होतात. त्यात पितळेची वाद्यं न्यायची का? आणि मिरवणूक दुपारी चारला सुरू होते, वैशाखाच्या उन्हात.

काळी_पाच

भंडारा व्हॉल्व्हचा वैरी. हळदीची भुकटी तेलात मिसळून लगदा होते आणि पिस्टन वर यायचा थांबतो. होन्नाट चालू असताना बँड थांबवा, तिथं ढोल-हलगीच असू दे, तेच शोभतं. वाद्यं वीस-पंचवीस हात लांब, तोंड खाली करून, प्रत्येकावर ओलसर नव्हे, कोरडं सुती कापड. युफोनियम आणि बासचं तोंड आकाशाकडे असतं, भंडारा थेट आत पडतो. त्यांच्या तोंडाला कापड बांधूनच ठेवा. व्हॉल्व्हला त्या दिवशी तेल रोजच्यापेक्षा कमी. तरीही अडकलाच तर तिथल्या तिथं जास्तीचं तेल ओतू नका, पिस्टन काढून कोरडा पुसून, एक थेंब लावून परत घाला. क्लॅरनेटच्या रीडला हळद लागली तर रीडच बदला. खिशात चार तयार ठेवा, उन्हात ते वाकडे होतात.

उन्हाचं म्हणाल तर हवा तापली की फुंकायच्या वाद्याचा सूर चढतो आणि सगळ्यांचा सारखा चढत नाही. सावलीत उभी ठेवलेली युफोनियम आणि उन्हात धरलेला ट्रंपेट दहा मिनिटांत एकमेकांना सोडतात. सगळी वाद्यं एकाच ठिकाणी सावलीत ठेवा, निघायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांनी एकत्र फुंका आणि मास्तरांच्या क्लॅरनेटला बाकीच्यांनी जुळवा. ट्रंपेटवाल्यांना सांगून ठेवा की स्लाइड हलवायची ती त्यांनी, मास्तरांना हलवायला जागा नाही. रात्री दहानंतर गार पडलं की परत एकदा. कीबोर्डचा ४५२.५ चा आकडाही तेव्हाच बँडला बघून एखाद-दुसरा खाली-वर करा.

त्या दुसऱ्या युफोनियमचा तिसरा व्हॉल्व्ह अजून सुटला नसेल तर हट्ट करू नका. पोराला तिसरी खटकी लागणारे सूर सोडून वाजवायला लावा. बँड एकाच चालीत वाजतोय, पहिलं युफोनियम ते सूर भरून काढेल.